फळीवरच्या दोन चपट्या

जानकीवैनीला वास येतात ते फक्त झोपेत.

दुपारची भांडी झाली की ती स्वयंपाकघरातच फरशीवर कूस टेकते. विक्रोळीच्या वसाहतीतलं वरच्या माळ्याचं घर. खिडकीतून खाडीकडचा वारा येतो, पंखा एका लयीत कुरकुरतो, आणि डोळा लागला की नाकाचं दार उघडतं. आधी ओलं शेण. मग भिजलेलं सुंभ. मग गावच्या बावीजवळच्या, विहिरीकाठच्या ईडलिंबाचा वास. तो सरळ येत नाही, परड्यातून वळसे घेत, गोठ्याला टेकून, दमत दमत येतो. झाडाखाली ती परकर खोचून उभी असते. एक हात पुढे येतो, फळ नखाने टोकरून तिच्या नाकाखाली धरतो. हात दिसतो, माणूस दिसत नाही. कुणाचा म्हणून ती मान वर करते तोवर शेजारचा कुकर शिटी मारतो आणि सगळं मिटतं. उठून बसावं तर घर नुसतं पाण्यासारखं. कसलाच वास नाही.

मोठ्या साथीत तिला ताप आला, त्यात तिचं नाक गेलं. ताप उतरला, खोकला थांबला, नाक काही परत आलं नाही. वैनीने ही गजाल कुणाला सांगितली नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही आणि सुनेला तर नाहीच नाही.

सून श्वेता पार्ल्याची, ऑफिसात जाणारी, मनाने चांगली. चांगल्या मनानेच ती अधूनमधून म्हणायची, "आई, स्वयंपाकाला बाई ठेवू या ना. तुम्ही बसा जरा." आता लग्न होऊन आल्यापासून चूल सोडून दुसरीकडे कुठे बसायचं हे वैनीला ठाऊक नाही. नाक गेल्याचं कळलं असतं तर गॅसचा विषय निघाला असता, आणि मागोमाग बाई आलीच असती. म्हणून भांडं उतरलं रे उतरलं की ती सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायची. घरच्यांना वाटायचं, म्हातारी गॅस वाचवते.

तिच्या हाताला आणखी एक वळण होतं. सासू सुंदराबाईने लावलेलं. देवापुढे वाटी ठेवल्याशिवाय चमचा जिभेला लावायचा नाही, लावला की अख्खं टोप उष्टं. आमच्याकडच्या जुन्या बायका अशाच रांधायच्या. मीठ चिमटीला कळतं, आंबट नाकाला. टोपावर वाकून वाफ घेतली की आमसूल किती उतरलं ते समजतं. वैनीचं नाक गेलं तरी चिमूट राहिली होती. रोजची डाळ, रोजची कढी, हात आपोआप करत होता.

घोटाळा झाला तो नवीन पदार्थापायी.

धाकूला, म्हणजे तिच्या घोवाला, डॉक्टरने तिखट आणि नारळ कमी करायला सांगितलं. कच्चं खा म्हणाला. श्वेता ऑफिसला डब्यातून सॅलड न्यायची, तेच तिने सासऱ्यापुढे ठेवलं, वरून दुकानातल्या बाटलीतलं पांढरं काहीतरी ओतून. धाकूने आयुष्य गिरणीत आणि मग कारखान्याच्या गेटवर काढलेलं. त्याने ताट हाताने लोटलं.

"ह्या गोरवांचा खाणा माका नको."

"बाबा, ड्रेसिंग नाही आवडलं का? घरी पण करता येतं," श्वेता म्हणाली. "संत्र्याचा रस, लिंबू, व्हिनेगर, तेल, थोडी मोहरी. रविवारी माझी आई येतेय ना जेवायला, तेव्हा करते."

"मी करतंय," वैनी बोलून गेली. व्हिनेगर म्हणजे शिरको, तो घालायचा, लिंबू पिळायचं, त्यात काय शिकायचं? तोंडातून शब्द गेला आणि मग तिच्या ध्यानात आलं. हे तिच्या हाताने कधी केलेलं नव्हतं. हाताला त्याची सवय नव्हती आणि नाक तर नव्हतंच.

त्या घरात एक रीत आहे. धाकू पूर्वी घ्यायचा. दारू सुटली, पण त्याच्या चपट्या बाटल्या राहिल्या, आणि वैनी घरात येईल तो पातळ पदार्थ धुतलेल्या चपटीत भरते. कोकमाचं आगळ चपटीत, देवाचं गुलाबपाणी चपटीत. श्वेताने आणलेलं व्हिनेगरही तिने त्याच दिवशी चपटीत ओतलं आणि काचेची नवी बाटली दाण्यांसाठी धुऊन ठेवली. स्वयंपाकघर एवढंसं, देव्हारा तिथेच फळीवर. फळीवर गुलाबपाणी आणि व्हिनेगर या दोनच चपट्या, दोन्ही पाण्यासारख्या; कुठली कुठे ते तिला पाठ. पण शनिवारी, आई येणार म्हणून, श्वेताने फळी पुसून काढली आणि सगळं परत जागेवर लावलं. म्हणजे तिला वाटलं, जागेवर.

रविवारी सकाळी वैनी पूजेला बसली. चपटीतलं गुलाबपाणी फडक्यावर घेऊन पितळेचे देव एकेक पुसले. खिडकीतून ऊन आत आलं होतं, जिऱ्याच्या रंगाचं, आणि त्यात बाळकृष्ण असा काही उजळला की वैनी फडकं हातात धरून बघतच राहिली. गाल चमकले, लोण्याचा गोळा चमकला. चिंच लावून घासला तरी एवढा कधी हसला नव्हता. तिला वाटलं आपण अजून झोपेत आहोत. मग तिला वाटलं, आजचा दिस बरा आसा.

ती ड्रेसिंगला लागली. सांगितलेलं सगळं तिने आपल्या पद्धतीने घेतलं. गावाहून आलेलं ईडलिंबू किसणीवर हलकं किसलं, अर्धं पिळलं, संत्र्याचा रस गाळला, आणि मोहरी पाट्यावर पाणी शिंपडत फेसायला घेतली. फेसता फेसता एकदम झणका नाकात चढला. कपाळापर्यंत गेला. डोळ्यांतून पाणी आलं. वैनी पाट्यावर हात टेकून थांबली. इला! नाक इला! बोलली नाही, पण ओठ हलले. इतक्या दिवसांनी नाकात काहीतरी घडलं होतं. आता मोहरीचा झणका हा वास नव्हे, तो नुसता चटका. पण वाट बघणाऱ्या माणसाला कोण सांगणार? त्या आनंदात तिने फळीवरची चपटी घेतली, बूच काढलं आणि हुंगायचं सोडून सरळ ओतली. चांगली अर्धी वाटी. वर दाण्याचं तेल घालून रवीने घुसळलं. बावीजवळचं झाड दिवसाढवळ्या डोळ्यांपुढे हलत होतं.

विहीणबाई मृणालिनी दुपारी आल्या. वैनीचा मुलगा नितेश ड्युटीवर, तेव्हा चौघंच जेवायला. काकडी, गाजर, कोबी, वर ते पिवळंधमक ड्रेसिंग. नैवेद्याची वाटी देवापुढे गेली, ताटं वाढली.

विहीणबाईंनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"वेगळंच आहे हो, जानकीताई. अगदी... थंडगार वाटतं."

धाकू विहीणबाईंसारखा शिकलेला नव्हता.

"गो, काकडेर अत्तर शिंपडलंस काय? लग्नाक इल्यासारख्या वाटता!"

श्वेताने वाटी नाकाशी नेली. उठली. फळीवरच्या दोन्ही चपट्यांची बुचं काढून हुंगली.

"आई, यात गुलाबपाणी घातलंत तुम्ही. व्हिनेगर इथे आहे, देवाच्या बाजूला. मग सकाळी पूजेला काय..."

चौघांनी देवांकडे पाहिलं. बाळकृष्ण नव्या भांड्यासारखा चकाकत होता. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. श्वेताही हसली, आणि हसता हसता थांबली.

"पण तुम्हाला वास नाही आला?"

वैनी ताटातल्या गाजराकडे बघत राहिली. "माका वास येणा नाय."

"कधीपासून?"

"तापापासना."

"आणि गॅस? गॅस सुटला असता म्हणजे?" श्वेताचा आवाज चढला. "वाट लागली असती आपली! एक शब्द नाही बोललात!"

"बंद करतंय मी. दर खेपेक."

"म्हणून तो रेग्युलेटर!"

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे एक बाई येतात, हाताला चव आहे. विचारू का?"

हेच ते. वैनीला हे ऐकायचं नव्हतं म्हणून एवढी लपवाछपवी. ती ताटाच्या कडेला लागलेलं शीत बोटाने ओढत बसली.

"बाई नको," धाकू म्हणाला. "नाक गेला तर गेला. जीभ खंय गेली तुझी? चाखून बघूक काय झाला?"

"उष्टा होतला."

"देवांनी सकाळीच शिरको घेतल्यानी. आता तेंका कसला उष्टा नि कसला काय!"

विहीणबाईंचा पदर परत तोंडाला गेला. वैनीने देवांकडे बघितलं. मग उठली. उरलेलं अर्धं ईडलिंबू पिळलं, सालीचा कीस, रस, तेल, मोहरी घेतली, आणि श्वेताने हातात दिलेल्या चपटीतून शिरका ओतला. घुसळलं. बोट बुडवलं. आणि सुंदराबाईने वळण लावल्यापासून प्रथमच, वाढायच्या आधी, ते जिभेवर ठेवलं.

आंबट कानशिलापर्यंत गेलं. मागून तेलाचा मऊपणा, मग किसलेल्या सालीचा कडू काठ. ती डोळे मिटून उभी राहिली. खाली भंगारवाला ओरडत गेला, तरी तशीच.

"आई?" श्वेता म्हणाली.

"मीठ कमी आसा."

श्वेताने मिठाची बरणी पुढे सरकवली. पण सोडलं नाही. "एक सांगते. गॅसचा वास ओळखून वाजणारा अलार्म मिळतो, तो उद्या आणणार. तो लागेपर्यंत मी घरात असतानाच गॅस पेटवायचा. चालेल?"

"भोंगो?" धाकू म्हणाला. "गिरणीतलो सुटलो, आता घरात इलो!"

"चलात," वैनी म्हणाली. बाईचं नाव मग कुणी काढलं नाही.

देवापुढची गुलाबपाण्याची वाटी तिने उचलली, नवी भरली. ठेवताना, उष्टी म्हणून, हात क्षणभर अडला. मग ठेवली. धाकूने ताट पुढे केलं आणि म्हणाला, "वाढ."

विहीणबाई गेल्या, भांडी झाली. वैनी फरशीवर कलंडली. खाडीकडचा वारा, पंख्याची कुरकुर. झाड आलं, हात आला, फळ पुढे झालं. तिने हुंगलं नाही. सालीसकट चावलं.