काकूंचं जास्तीचं बोलणं

इतिहास, कला आणि ग्रंथालयं असं तिहेरी लोढणं गळ्यात बांधलेल्या सरकारी खात्यात काकू पुस्तकं वाचायच्या. मोठ्यानं, आणि पगार घेऊन! अंध वाचकांसाठी. जिन्याखालची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मधे माईक, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. पंखा लावायचा नाही, घरघर आत शिरते. घाम पुसत पुसत काकूंनी कपाटंच्या कपाटं वाचून काढली होती.

खोड एकच. तोंडाला कुलूप नाही. कादंबरीतली सून दार उघडायला निघाली, की काकू माईकवरच ओरडायच्या, "अगं बाई, नको उघडूस! मेला दबा धरून बसलाय!" ऐकणाऱ्यांना त्याचंच वेड. पण नवे साहेब आले आणि पहिल्याच रेकॉर्डिंगला त्यांनी कपाळावर हात मारला. "काकू, पुस्तकात आहे तेवढंच वाचायचं. यापुढे एक शब्द जास्त झाला, तर घरी बसायचं."

घरी बसायचं म्हणजे काय, ते काकूंना पक्कं ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून घरात त्यांच्याशी बोलायला कुणी उरलं नव्हतं. मुकाट्यानं 'हो' म्हणाल्या. पुढची दोन पुस्तकं बिचारीनं जीभ चावत वाचली.

मग आलं खात्याचंच नवं पुस्तक, धरणाचा इतिहास. साहेबांनी स्वतः लिहिलेलं, म्हणून स्वतःच काचेपलीकडे कौतुकानं ऐकायला बसले. काकूंनी वाचलं, "वरच्या खोऱ्यातील ग्रामस्थांनी आनंदाने गाव सोडले."

आणि थांबल्या. ते गाव म्हणजे त्यांचं माहेर. त्यांनी माईक जवळ ओढला.

"ऐकणाऱ्यांनो, हे खोटं आहे. मी होते तिथे. माझ्या आईला दोघा शिपायांनी उंबऱ्यावरून उचलून ट्रकमध्ये घातलं."

साहेब ताडकन उठून आत आले. "पुसा ते! काकू, पुन्हा वाचा. आणि काय ठरलंय, ते लक्षात आहे ना?"

रेकॉर्डिंगवाल्यानं मान खाली घालून पुसलं. काकूंनी पान मागे उलटलं. नोकरी जायची भीती होतीच, खोटं कशाला बोला? पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. आनंदाने म्हणे! त्यांनी तेच वाक्य वाचलं, काना-मात्रेसकट, जसंच्या तसं. मग म्हणाल्या, "हे खोटं आहे. आईला उचललं, तेव्हा चुलीवर दूध उतू चाललं होतं. तेवढं उतरवू द्या, म्हणून ती हातापाया पडत होती. तेही उतरवू दिलं नाही."

"पुसा म्हणतो ना!" साहेब ओरडले. रेकॉर्डिंगवाल्याचा हात बटणापाशी गेला आणि तिथेच राहिला.

"पुसा की," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पान परत मागे उलटलं. "मी पुन्हा वाचते. दर वेळी मला थोडं जास्त आठवतं."