हुज्जत

अकरावी सायन्सच्या वर्गात मी एका वाक्याला बंदी घातली होती. ‘विषाणू हे सजीव आणि निर्जीव यांच्या सीमारेषेवर आहेत.’ कुणालाही उठवा, हेच. पाठ करायला सोपं, आणि कुणाला काही ठरवावं लागत नाही. मी म्हटलं, रेषेवर उभं राहायचं नाही. खिडकीकडची रांग सजीव, दाराकडची निर्जीव. म्हणणं मांडा, पुरावा द्या, आणि तो पुरावा तुमच्या म्हणण्याला कसा लागू पडतो ते सांगा.

“मॅडम, पण पेपरात काय लिहायचं?” पहिल्या बाकावरून आलं.

“पेपरात लिहा रेषेवर. इथं नाय.”

वर्ग हसला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी ताठ मानेनंच सांगते, त्यासाठी लई बोलणी खाल्लीत. वैजापूरकडं, आमच्या गावात, मी काही उलट विचारलं की आई म्हणायची, “हुज्जत घालू नको.” तरी शिकले, शहरात नोकरी लागली, बजाजनगरात खोली घेतली. आणि आता हुज्जत घालायला कुणी उरलंच नाही. आई फोनवर जेवली का एवढंच विचारते. स्टाफरूममध्ये विषाणूचं नाव काढलं की म्हणतात, “मॅडम, कोरोना संपला आता.” एखादं तरी पोर तोंडावर “मॅडम, हे चूक आहे” म्हणालं असतं तर मला पुरे होतं. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पण मुलं तोंड उघडेनात. शेवटी मीच निर्जीवांच्या बाजूनं उभी राहिले. “विषाणू दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढूच शकत नाही. म्हणून तो सजीव नाही. खोडून काढा.”

“बरोबर आहे मॅडम,” खिडकीकडची रांग म्हणाली. ती सजीवांची रांग होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक हात वर झाला. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, शहागंजाकडून येणारी मुलगी. फारशी बोलायची नाही. “मॅडम, हुज्जत करूं क्या?”

सगळे फिस्सकन हसले. ती गोरीमोरी झाली. “तसं नाही. आमच्या घरी हुज्जत म्हणजे दलील, पुरावा. माझे नाना, आईचे वडील, म्हणतात, हुज्जत है तो बोल, नहीं तो चुप बैठ.”

मी खडू खाली ठेवला. “बोल.”

“अमरवेल पण दुसऱ्या झाडाशिवाय वाढत नाही. तिला तर सजीव म्हणता.”

“तिच्या पेशी तिच्या स्वतःच्या असतात. विषाणूला पेशीच नाही.”

“मग तुमचं कारण बदललं मॅडम. पहिलं सोडलं का?”

सोडलं होतं, आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ज्या शब्दानं मला आयुष्यभर गप्प बसवलं, तोच शब्द याच शहरातल्या दुसऱ्या घरात पुरावा मागायला वापरतात, हे मला चाळिशीत कळत होतं. इतकं बरं वाटलं की उत्तर द्यायचं राहूनच गेलं. मी नुसतीच तिच्याकडं बघत उभी.

वर्गाला वाटलं, मॅडम तापल्या.

“सॉरी म्हण ना,” शेजारची कुजबुजली. घंटा झाली.

तास सुटल्यावर ती स्टाफरूमच्या दारात आली. “माफ करा मॅडम, जास्त बोलले.”

“माफी परत घे.”

ती गोंधळली. “माफी परत कशी घेतात?”

“माफी मागायला आली, चांगल्या घरची दिसते,” शेजारच्या टेबलावरचे सर मान वर न करता म्हणाले.

“तुझं बरोबर होतं,” मी म्हटलं. “पहिलं कारण मी सोडलं. आता दुसरं तपासू. बस इथं.”

तिनं खुर्चीकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं. “नाही मॅडम, तुमचंच बरोबर आहे,” म्हणाली आणि गेली. व्हरांड्यात मैत्रिणींनी विचारलेलं मला ऐकू आलं, “रागावल्या का गं?”

“नाही. पण आता मी नाही बोलणार बाबा.”

दुसऱ्या दिवशी मी पेशीचं कारण फळ्यावर लिहिलं. त्या कारणातही एक भोक होतं, कुणी बोट ठेवावं म्हणून ते मुद्दाम उघडं ठेवलं. तिच्याकडं नजर जाऊ नये म्हणून बराच वेळ फळ्याकडंच तोंड करून उभी राहिले. पाठीमागं सगळे उतरवून घेत होते.