बंदूक धरलेले बा

नाशिकहून निघालेली गाडी सकाळी धामणगावला पोचली. यवतमाळला जायचं तर इथं उतरून एसटी धरावी लागते. बांना जाऊन वर्ष झालं होतं आणि आमच्या तांड्यावर (बंजाऱ्यांच्या वस्तीवर) त्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम होता. चुलतभाऊ रमेश फोनवर एवढंच म्हणाला होता, "ताई, तू फक्त ये. बाकी सगळं जोरात आहे."

एसटीत शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. बाहेर कापसाच्या गाड्या रस्त्याच्या कडेला रांगेनं उभ्या होत्या आणि गाडीवान त्यांच्याच सावलीत झोपले होते. आजोबांनी विचारलं, "कायले चालल्या, बाई?"

"वडिलांचं वर्षश्राद्ध आहे."

"कास्तकार (शेतकरी) होते काय?"

"हो."

त्यांनी आवाज खाली आणला. "फवारनीचं औषध घेतलंतं?"

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाला प्रस्तावना लागत नसे. मी म्हटलं, "नाही. म्हातारपणानं गेले. घरीच, झोपेत."

ते बायकोकडे वळले. "म्हातारपनानं गेले म्हन्ते." बाईंनी वाकून माझ्याकडे पाहिलं. मी कुठल्याशा राजघराण्यातली असावी, अशी ती नजर होती. मग त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढून माझ्या हातावर ठेवलं.

यवतमाळच्या स्टँडवर आलूबोंडा घेतला. वर ओतलेली तर्री (तिखटजाळ रस्सा) नाशिकला राहून मला सोसेनाशी झाली आहे, हे पहिल्याच घासाला कळलं. डोळे पुसत आर्णीमार्गे जाणारी गाडी पकडली, तर महागावच्या अलीकडे तिचं चाक बसलं. उरलेला रस्ता काळीपिवळीनं (वडाप जीपनं) करायचं ठरलं.

महागावच्या चौकात मला बा दिसले.

विजेच्या खांबावर भला मोठा फ्लेक्स होता. चेहरा बांचाच, म्हातारपणीचा, सुरकुतलेला. मानेखाली मात्र भरदार छातीचा तरणाबांड जवान, हातात बंदूक, मागं आग. खाली 'रणमर्द' वगैरे लिहिलं होतं आणि त्याच्याही खाली कार्यक्रमाला येणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो होता. तो बांच्या फोटोपेक्षा थोडा मोठा होता.

जीपच्या ड्रायव्हरला मी विचारलं, "हे कोण?"

"हे नाही मालूम? फुलसावंगीकडले हायेत. लढाईत एकट्यानं टेकडी जिंकली बुढ्यानं."

"एकट्यानं?"

"बाकीचे गेलते ना वापस. गोळ्या सरल्या, तं बुढा बंदुकीच्या दांड्यानं मारून राह्यला."

"तेव्हा ते म्हातारे नसतील."

ड्रायव्हरनं थोडा विचार केला. "नसंन," तो म्हणाला, आणि गाडी पुढं काढली.

बा लष्करात होते, हे खरं. ते खेचरांच्या तुकडीत होते. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडले. बांनी पहाडात खेचरांच्या पाठीवर तेल, पीठ आणि दारूगोळा लादला. त्यांनी बंदूक चालवल्याची गोष्ट घरात कधी कुणी ऐकली नाही. मी पुसदच्या वसतिगृहात शिकत असताना रविवारी ते सायकलवर यायचे, अंबाडीची भाजी आणि बाटी (भाकरी) घेऊन. पायरीवर बसवून माझ्या केसांना तेल लावायचे, वेणी घालायचे. मुली पहिल्यांदा हसल्या. पुढं त्याही पाठमोऱ्या येऊन बसू लागल्या. खेचरांना खरारा करून करून हात हलका झालाय, असं बा त्यांना सांगायचे.

तांड्यावर पोचले तेव्हा मंडप सजला होता. समाजमंदिरापुढं तोच फ्लेक्स, चौकातल्याहून मोठा. याडी (आई) त्याच्यासमोर उभी होती.

"ई कुण छ?" (हा कोण आहे?) तिनं मला विचारलं.

"बा आहेत."

"मुंडकं त्यांचं हाय," ती म्हणाली, आणि हार न घालता खुर्चीवर जाऊन बसली. रमेश माझ्याजवळ कुजबुजला, "ताई, आपल्याजवळ बांचा वर्दीतला फोटोच नव्हता. बंदुकीशिवाय फौजी कसा वाटंन?"

पुढारी बरेच उशिरा आले. भाषणात टेकडीच्या दोन टेकड्या झाल्या. शेवटी त्यांनी वीरपत्नीला दोन शब्द बोलायची विनंती केली. रमेशनं डोळे मिटले.

याडीनं माईक धरला. "यायनं कोनाले मारलं नाही," ती सावकाश म्हणाली. "हे खेचरं हाकलत होते. एक खेचर बर्फात गेलं, तं घरी आल्यावरही त्याच्यासाठी रडले. दिवाळीत फटाके वाजले का गोठ्यात जाऊन बसत. बैल भेते म्हनत. बैल काही भेत नव्हता."

आता काही तरी खरं बोललं जाईल, असं मला वाटलं. पुढारी उठले, याडीच्या पाया पडले आणि माईकवर म्हणाले, "पाहा या मातेचा विनय." टाळ्या बराच वेळ चालल्या.

त्या संध्याकाळी मी रमेशवर चिडले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तू नाशकात राहते. इथं दर आठवड्याले कोनाच्या ना कोनाच्या घरी दुखवट्याले बसाले जातो आम्ही. एक मानूस तरी लढला, असं पोरायले सांगावं वाटते." बांच्या नव्वद वर्षांच्या जगण्यात लढाई कुठं होती, हे मी त्याला सांगू शकले असते. पण ती फ्लेक्सवर मावणारी नव्हती.

सकाळी निघाले, तर फ्लेक्सला झेंडूचा हार होता. याडी खाली उभी राहून तो सारखा करत होती.

"शेवटी घातलास?"

"यांना घरी घातला, भिंतीवरच्या फोटोला," ती आमच्या बोलीत म्हणाली. "हा या पोराला. मुंडकं कापून दुसऱ्याचं लावलं बिचाऱ्याला. कुणाचा कोण, कुठं पडला असेल, कुणाला ठाऊक."

"आणि जिवंत असेल तर?"

"मग आयुष्य वाढेल त्याचं," याडी म्हणाली, आणि माझी पिशवी उचलून रस्त्याकडे चालू लागली.