बारा चौतीसचा सूर्य

पडदा वर जातो तेव्हा पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीची गच्ची दिसते. मागे पाण्याच्या टाक्या, त्यापलीकडे कर्नाळ्याचा सुळका, आणि मधोमध ऑइलपेंटच्या डब्यात सिमेंट ओतून उभी केलेली तीन फुटी सळई. तिच्याभोवती गेरूच्या खुणा. छत्री घेऊन प्रवेश करतात त्या सुमती ओगले, वय एकाहत्तर.

मी चाळीस वर्षं नाटकांतून राजे रंगवले. सुमतीताईंनी जवळपास तेवढीच वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातले देव बहिणीकडे पोचवले आणि गच्चीवर ही सळई लावली. रोज भरदुपारी सावली मोजायची, खूण करायची, हात जोडायचे. डिसेंबरात सावली सर्वांत लांब पडली की मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी. मार्चात दिवस आणि रात्र सारखे झाले की आंब्याची डाळ. मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते, त्या दिवशी ताडगोळे.

"मागता काय त्याच्याकडे?" मी एकदा विचारलं.

"काही नाही हो. न मागता इतकं मिळालंय, त्याचे आभार मानते."

यंदा गच्ची गळायला लागली. सगळ्या गच्चीवर पत्र्याची शेड घालायचं ठरू लागलं. शेड आली की सूर्य बंद, सळई बंद, सण बंद. सुमतीताईंनी दहा बाय दहाचा एक कोपरा उघडा मागितला. आमचा सेक्रेटरी विश्वजीत हसला.

"ताई, तुमचा देव एकदा दाखवा सगळ्यांना. मग रविवारच्या मीटिंगमध्ये बघू."

"सोळा मे. बारा चौतीस."

"लग्नाचा मुहूर्त आहे का?" म्हणत त्याने नोटीसबोर्डावर लिहिलं, 'दुपारी बारा वाजता'.

बाराला वीसेक माणसं वर आली. सळईला चांगली सहा बोटं सावली होती.

"देव लेट आहे वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"चौतीस मिनिटं थांबा," सुमतीताई म्हणाल्या. "घड्याळ देशाचं आहे, सूर्य पनवेलचा."

त्या उन्हात कोण थांबतं? ताडगोळे मात्र सगळ्यांनी खाल्ले आणि मग उतरले. विश्वजीतही गेला. उरलो मी आणि त्याची आई रमाबाई. त्यांना लगेच जिने उतरवेनात.

नाट्यगृह रिकामं होताना मी पाहिलेलं आहे. अशा वेळी नट आवाज चढवतो. सुमतीताईंनी फक्त आपली छत्री रमाबाईंच्या डोक्यावर धरली.

बारा तेहतिसाला त्यांनी ती मिटली. सळईची सावली आखडत आखडत बुंध्याशी आली आणि गेली. रमाबाईंनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरला.

"अहो, माझी सावलीच गेली."

"गेली नाही, रमाबाई. पायाखाली आहे," सुमतीताई म्हणाल्या. "एक पाय उचला बघू."

रमाबाईंनी पाय उचलला. खाली चपलेच्या आकाराची छोटीशी सावली. पाय टेकवला, सावली गुडुप. मग दुसरा पाय. मग पुन्हा पहिला. सत्तरीच्या दोन बायका भर उन्हात पाय उचलून हसत होत्या. मग रमाबाईंनी मुलाला फोन लावला.

"विश्वजीत, आत्ताच्या आत्ता वर ये. चपला घालूनच ये, पाय भाजतात. या देवाला चालतं."

तो धापा टाकत आला. खाली वाकून त्याने सळईच्या बुंध्याभोवती बोट फिरवलं, कुठे काळी रेघ सापडते का पाहिलं.

रविवारी शेडचा ठराव मंजूर झाला, एक कोपरा सोडून. कोपऱ्यासाठी पहिला हात रमाबाईंचा, दुसरा सेक्रेटरीचा.

"पुन्हा कधी, ताई?" त्याने विचारलं. "या वेळी मिनिटासकट लिहितो."

"अठ्ठावीस जुलै, बारा चव्वेचाळीस. दक्षिणेकडे परतताना तो पुन्हा एकदा डोक्यावर येतो," सुमतीताई म्हणाल्या. "आभाळ भरलेलं असेल, दिसणार काही नाही. तरी सगळे या. ढगांच्या वर तो वेळेवर आलेला असेल."