एवढंच पुसा

घर रंगवणाऱ्या माणसाला घराची पाठ दिसते. कपाटं हलतात, पलंग सरकतात आणि पाहुण्यांना कधी न दिसलेलं सगळं उघड्यावर येतं. कोरेकाका अडतीस वर्षं ते पाहत होते आणि अडतीस वर्षं त्यांना त्याची शिसारी येत होती. सोफ्याच्या वरच्या बाजूला तेलकट डोक्यांनी उमटवलेले अर्धे चंद्र. दिव्याच्या बटणांभोवती बोटांचा काळा थर. पलंगाच्या कडेला, झोपणाऱ्याचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, नाकातून काढून भिंतीला पुसलेला ऐवज, वाळून खडा झालेला. तो पत्र्याने खरवडताना काका श्वास रोखून धरत आणि मग दाराबाहेर जाऊन उगीचच खाकरत.

कोरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. काम संपलं की ते हात पाठीमागे बांधून भिंतीसमोर उभे राहत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "झाली कोरी." यावरून कोणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता त्यांचं खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं.

नाकाचा ऐवज एकवेळ खरवडून जातो. लहान मुलांनी भिंतीवर काढलेलं जात नाही, आणि काकांचा खरा दावा होता तो त्याच्याशी. त्यांनी या प्रकाराच्या जाती पाडल्या होत्या. पेन्सिल गरीब, रबराने सुद्धा ऐकते. मेणाचा खडू चिकट, त्याच्यावर रंग बसतच नाही, थेंब होऊन ओघळतो. बॉलपेन चिवट. आणि मार्कर खुनशी. मार्करवर तुम्ही तीन हात रंग द्या, भिंत पांढरीशुभ्र दिसेल, घरमालक खूश होईल, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या रेघा रंगाच्या आतून वर येतील, जांभळ्या, फिक्या, पण सगळ्याच्या सगळ्या. त्याला उपाय एकच. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख बारीक कुंचल्याने त्या रेघांवर लावायची, अगदी रेघेवरून रेघ, म्हणजे डाग आतच कोंडला जातो. मग वरून रंग.

हे काम काकांना जेवणात केस सापडावा तसं वाटे. साठीचा माणूस, गुडघे टेकून, कोणा तीन वर्षांच्या कार्ट्याने काढलेला सहा पायांचा घोडा पुन्हा गिरवत बसलाय. पुसण्यासाठी आधी तो घोडा स्वतः काढायचा. पण ते करत. अडतीस वर्षांत त्यांनी रंगवलेल्या एकाही भिंतीवर डाग परत आलेला नव्हता. हे ते कोणाला सांगत नसत, पण रस्त्याने जाताना एखाद्या खिडकीतून आपली जुनी भिंत दिसली, की चाल मंदावत असे.

त्यांच्या स्वतःच्या दोन खोल्यांत दोन मुली वाढल्या, पण भिंतीवर कधी ठिपका पडला नाही. पेन्सिल टेबलावरून उठली की आधी काकांचा आवाज येई. बायको आल्यागेल्याला सांगे, "टेकू नका हो. आमच्याकडे डास सुद्धा परवानगी घेऊन भिंतीवर बसतो." मुली सासरी गेल्या. थोरलीच्या घरी काका पहिल्यांदा राहायला गेले तेव्हा तिच्या लेकराने बैठकीच्या भिंतीवर टमाट्याचा रस्सा फासलेला पाहून रात्रीचं जेवले नाहीत. थोरली म्हणाली, बाबा, तुम्ही भिंती बघायला आलात की आम्हाला? काकांनी त्याचं उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर तिला आवडलं नसतं.

तर अशा माणसाला एके दिवशी व्याख्यानबाईंचं बोलावणं आलं.

व्याख्यानबाई हे नाव काकांनीच ठेवलेलं, मनातल्या मनात. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या या बाई मुलं कशी वाढवावीत यावर बोलत असत, आणि ते ऐकायला तरुण आईबाप त्यांच्या घरी जमत. चार वर्षांपूर्वी काकांनी त्यांचं घर रंगवलं होतं. तेव्हा बाईंनी बैठकीची सगळ्यात मोठी भिंत वगळायला लावली. ती मुलांची. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांना वाटेल ते, वाटेल तेव्हा, वाटेल त्याने त्या भिंतीवर काढायची मुभा होती. मुलांचा हात धरला की मन खुंटतं, असं बाई म्हणत. ती भिंत पाठीशी ठेवून काका तेव्हा आठ दिवस बाकीच्या तीन भिंती रंगवत होते, आणि आठही दिवस पाठीवरून काहीतरी सरपटतंय असं त्यांना वाटत होतं.

आता ती भिंत आणखी भरली होती. खडू, मार्कर, लिपस्टिक, चिकटवलेल्या डाळी, त्यांतल्या निम्म्यांना किडे लागलेले. प्रत्येक आकृतीखाली बाईंच्या सुंदर अक्षरात तारीख आणि मुलाचं वय. अगदी खाली कोपऱ्यात एक तपकिरी पंजा होता, त्यावर पारदर्शक वॉर्निश मारलेलं. ते वॉर्निश चार वर्षांपूर्वी काकांनीच मारलं होतं, रंग कसला आहे ते न विचारता.

बाई भिंतीशी उभ्या राहिल्या आणि मधोमध, दोन सूर्यांच्या मधे, वीतभर जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "काका, एवढंच पुसा."

काकांनी पाहिलं. एक उभी काठी, तिच्या टोकाला झिपऱ्या, शेजारी एक वेडंवाकडं वर्तुळ. निळा मार्कर. डावीकडे होतं तसंच, उजवीकडे होतं तसंच. काकांना वाटलं आपलं बोटाकडे नीट लक्ष नाही, म्हणून त्यांनी चष्मा लावून पुन्हा विचारलं, नक्की कोणतं?

"हेच. हे आमच्या मुलांचं नाही."

मग हळूहळू कळलं. धुण्याभांड्याला येणारी बाई आपल्या चार वर्षांच्या पोरीला बरोबर आणत असे, घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून. पोर जेवणाच्या टेबलाखाली गप्प बसे. गेल्या आठवड्यात घरातल्या मुलाने तिच्या हातात मार्कर दिला, आणि तिने हे काढलं. बाईंनी तिला रागे भरलं नाही. त्या कोणालाच रागे भरत नसत. खाली बसून, तिच्या डोळ्यांत डोळे घालून, गोड आवाजात समजावलं, की ही भिंत तुझी नाही ना. आणि दुसऱ्या दिवसापासून आईचं काम होईपर्यंत पोरीने बाहेर जिन्यावर बसायचं ठरलं.

काका येताना ती दिसली होती खरी. दाराबाहेरच्या पायरीवर, फाडलेल्या खोक्यावर, नाक वाहत असलेली. काका तिला वळसा घालून वर आले होते.

त्यांनी बाईंना धंद्यातली गोष्ट सांगितली. ठिगळ लपत नाही. भिंत जुनी झाली की तिचा रंग मुरतो, त्यात मधेच वीतभर नवा रंग मारला तर तो हातावरच्या पट्टीसारखा दिसतो. भिंत करायची तर सगळी करू.

बाई हसल्या. म्हणाल्या, ही भिंत म्हणजे मुलांच्या वाढीची नोंद आहे काका, डायरीच म्हणा ना. तिच्यात दुसऱ्या कोणाचं पान कसं चालेल? प्रश्न रेघांचा नाही.

"मला सगळी घाण सारखीच दिसते, ताई," काका म्हणाले.

बाईंनी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या महिन्यात बाकीचं सगळं घर करायचंय, तेही तुम्हालाच, असं सांगून त्या फोनवर बोलायला आत गेल्या.

काकांनी चादर अंथरली. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब, मग काळ्याचा टिपूस, असं करत मुरलेल्या भिंतीचा रंग जुळवला. लाखेची बाटली उघडली. बारीक कुंचला बुडवून काठीच्या तळाशी नेला. त्याच वेळी खाली, त्यांच्या गुडघ्यापाशी, कामवाली ओल्या फडक्याने भिंतीची कड पुसत होती. तपकिरी पंज्यापाशी आल्यावर तिने ते फडकं बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं, मऊ, कोरडं. पंज्याभोवती अलगद फिरवलं.

काकांनी विचारलं, "हा कसला रंग गं?"

ती म्हणाली, रंग नाही तो. ताईंच्या धाकटीला जुलाब झाले होते तेव्हाचा आहे. तिने लंगोटात हात घातला आणि भिंतीला लावला. ताई म्हणाल्या, पहिलीच खूण आहे तिची, ठेवायची.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रोज पुसायची वस्तू कुठून आली ते तिने सांगितलं, इतकंच.

काकांनी कुंचला खाली ठेवला. या हाताने त्याच्यावर वॉर्निश मारलं होतं, दोन हात, चकाकी नीट यावी म्हणून. ते उठून दाराबाहेर गेले. पायरीवरची पोर वर बघत होती. खाकरून झाल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, ते आत काढलंस ते काय आहे?

"फरशी पुसायचं," ती म्हणाली. "आणि बादली."

काका आत आले. आता ते फरशी पुसायचंच दिसत होतं. बादली काठीच्या मानाने फार मोठी होती, पण चार वर्षांच्या पोरीने ती उचलून पाहिली असेल तर तेवढीच वाटली असणार. काही सुंदर वगैरे नव्हतं ते. भिंतीची नासाडीच होती, आजूबाजूच्या सगळ्या नासाडीसारखी. पण यातलं नेमकं एवढंच त्यांच्या हातून पुसलं जाणार होतं, आणि तो पंजा राहणार होता.

त्यांनी कुंचला पुसला. लाखेच्या बाटलीला बूच लावलं. आणि रंगाचा मोठा ब्रश घेऊन काठी, झिपऱ्या आणि बादलीवर सरळ दोन हात मारले.

बाई बाहेर आल्या, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाल्या, कळत सुद्धा नाही हो. काका 'झाली कोरी' म्हणाले नाहीत. सामान बांधून निघाले.

पुढचे तीन दिवस त्यांना अंगावर गळू पिकत असल्यासारखं झालं. बायको विचारी, काय होतंय? काही नाही. चौथ्या दिवशी फोन आला.

रेघा आल्या होत्या. सगळ्या. निळ्याच्या फिक्या जांभळ्या होऊन, नव्या रंगाच्या स्वच्छ चौकोनात, शेजारच्या गर्दीपासून अलग, जणू कोणी मुद्दाम जागा करून दिली होती. आदल्या संध्याकाळी बाईंकडे आईबाप जमले होते, आणि त्यांतल्या दोघांनी विचारलं होतं, याखाली तारीख का नाही?

बाई आजही ओरडल्या नाहीत. आवाज तेवढा बारीक झाला. तुमचं काम असं कसं झालं काका, त्यांनी विचारलं.

"लाख लावली नाही."

"विसरलात?"

"नाही. बाटली उघडून परत बंद केली." काकांचा हा चेहरा बाईंनी कधी पाहिला नव्हता. "आता लावतो, ताई. पण भिंत सगळी. त्या पंज्यासकट. नाहीतर काहीच नाही."

बाईंनी एकदा त्या पंज्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, तुमचं वय झालंय, तुम्हाला हा विषय समजणार नाही. घराचं काम त्या दुसऱ्या कोणाला देतील. काकांनी मान हलवली आणि निघाले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा ते मागे डाग सोडून चालले होते, आणि त्यांना वाटलं होतं तेवढं हलकं काही वाटत नव्हतं.

जिन्यावर कामवालीने त्यांना गाठलं. हात ओले, पदर खोचलेला. तिने सगळं ऐकलं होतं. काकांना वाटलं ही आता काहीतरी चांगलं बोलेल, आणि त्या कल्पनेनेच त्यांना संकोच वाटला.

"काका, ते पुसलं असतं तरी मला चाललं असतं," ती हळूच म्हणाली. "भिंतीचं काय ते तुमचं तुम्ही बघा. माझी पोर पायरीवर बसते, त्याचं काय?"

एवढं बोलून ती आत गेली, कारण नळ चालू राहिला होता.

काकांनी पिशवी खांद्यावर घेतली. त्यांनी आपल्या मनासारखं करून घेतलं होतं. पोर होती तिथेच होती. खाली पाहिलं तर तिने विटेच्या तुकड्याने जिन्याच्या भिंतीवर नवीन बादली काढली होती, मागच्यापेक्षाही मोठी. काकांच्या डोक्यात तिडीक गेली. पिशवीतलं ओलं फडकं काढून त्यांनी ती बादली पुसली, दोनदा, कडेपर्यंत. पोर बघत राहिली. मग त्यांनी रंगाचे डाग पडलेली आपली जाड चादर चौघडी करून खोक्यावर टाकली आणि तिला म्हणाले, ऊठ, यावर बस. पिशवीतून पॉलिशपेपरचा एक अख्खा ताव काढला, पालथा घातला आणि तिच्या मांडीवर ठेवला. मागची बाजू तपकिरी, साधी, कागदासारखी.

"यावर काढ. भिंतीला हात लावलास तर याद राख."

तिने पेपर उलटा करून खरखरीत बाजूला बोट लावलं. "हे टोचतं."

"म्हणून मागच्या बाजूला काढ."

काढू कशाने, हे तिने विचारलं नाही, नुसती त्यांच्या कानाकडे बघत राहिली. कानावर त्यांची मापाची जाड पेन्सिल होती, अडतीस वर्षांची जुनी सवय. काकांनी ती तिला दिली. तिने आधी टोक तोंडात घातलं, चांगलं ओलं केलं, नाकाचा शेंबूड त्याच मनगटाने पुसला आणि मग काठी काढायला सुरुवात केली.

पेन्सिल काकांनी परत मागितली नाही. घाण वाटली म्हणून, असं त्यांनी घरी बायकोला सांगितलं.