पालखीच्या दिवसांत मोजलेली घरं

उज्वला हाटे बोलायला उभी राहिली की आधी तिचे हात बोलू लागतात. एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात डस्टर, आणि मुद्दा रंगात आला की दोन्ही वर. पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनी सावध असावं, कारण खडू कधी सुटेल सांगता येत नाही. महाडच्या कॉलेजात ती अर्थशास्त्र शिकवते. पण पोरांमध्ये तिचं नाव आहे ते शनिवारच्या तासामुळे. संशोधन कसं करायचं, ते कसं लिहायचं आणि लिहिलेलं चार लोकांपुढे उभं राहून कसं सांगायचं, एवढंच ती त्या तासाला शिकवते. वेळापत्रकात हा तास नाही. प्राचार्यांच्या मागे लागून तिने तो मिळवलाय, आणि कॉलेज सुटल्यावर घेतला जात असूनही त्याला गर्दी असते.

मोबाइलवरून उतरवलेला मजकूर तिला पहिल्या ओळीतच कळतो. ‘आजच्या जागतिकीकरणाच्या युगात’ अशी सुरुवात दिसली की ती कागद परत करते आणि म्हणते, “युग राहू दे बाबा. तुझ्या वाडीत काय चाललंय ते सांग.” कोणाचाही निबंध असो, त्यात तीन गोष्टी यायलाच हव्यात असा तिचा हट्ट. मी काय विचारलं. कोणाला विचारलं. आणि मला काय कळलं नाही. पहिल्या दोन गोष्टी पोरं लिहितात. तिसरीला सगळी कुरकुरतात. कळलं नाही ते कशाला सांगायचं, मार्क जातील ना, असं त्यांचं म्हणणं. बाई ऐकत नाहीत.

बोलण्याचा सराव सुरू झाला की ती वर्गात सगळ्यात मागे जाऊन उभी राहते. आवाज पोचला नाही की नुसता हात वर करते. बोलणाऱ्याने तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, मोठ्याने आणि सावकाश. ही खूण तिच्या वडिलांची. नागसेन हाटे पंचायत समितीत कारकून होते, घर तुडीलच्या बौद्धवाडीत. दर वर्षी वीस मार्चला ते लेकीला घेऊन चवदार तळ्यावर जायचे. शाळेत असताना एकदा तिथे जवळच मुलांच्या भाषणांचा छोटासा कार्यक्रम होता. उज्वलाचं नाव पुकारलं आणि नेमका माईक बंद पडला. पोरगी रडकुंडीला आली. गर्दीच्या मागून वडिलांनी हात वर केला. तिने पहिलं वाक्य पुन्हा म्हटलं. हात वरच. मग तिने असा काही आवाज लावला की पाण्याच्या बाटल्या वाटणारे लोकही थांबून ऐकायला लागले, आणि तेव्हा कुठे हात खाली आला. त्या दिवसापासून तिला माईकची गरज पडलेली नाही, असं तिचे विद्यार्थी म्हणतात आणि खुशाल म्हणोत, कारण ते खरं आहे.

यंदा तिच्या वर्गात दर्शना उतेकर होती. पोलादपूरजवळच्या कापडे गावची मुलगी, शेवटच्या वर्षाला. रोज एसटीने महाडला यायची. अंगाने किरकोळ, पण प्रश्न विचारायला पटाईत. तिने विषय घेतला होता बंद घरांचा. सगळे म्हणतात पोलादपूरच्या वाड्या ओस पडल्या, माणसं मुंबईला गेली, घरांना कुलपं लागली. पण कोणी मोजलंय का? दर्शनाने मोजायचं ठरवलं. आपली वाडी आणि तिला लागून असलेल्या दोन वाड्या, मिळून साठ घरं. आणि काय निघालं? साठातली पंचावन्न घरं नांदती.

उज्वला मॅडमना तो आकडा पाहून अक्षरशः जागेवर बसवेना. त्या टीचर्स रूममध्ये गेल्या आणि चहा पिणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकवून आल्या. “सगळे ओस ओस म्हणतायत आणि इथे बघा. हे कोणी लिहिलेलंच नाही.” पद्धतही त्यांना फार आवडली होती. दर्शनाने लिहिलं होतं, शिमग्याच्या पालखीसोबत प्रत्येक घरी प्रत्यक्ष भेट. ग्रामदेवतेची पालखी दारोदार जाते, एकही घर चुकत नाही, तेव्हा एकही घर मोजायचं राहण्याचा प्रश्न नाही. या वाक्यापुढे मॅडमनी लाल पेनाने दोन बरोबरच्या खुणा केल्या. कॉलेजातून दर्शनाची निवड झाली. मार्चच्या शेवटच्या शनिवारी अलिबागला जिल्ह्यातल्या कॉलेजांची संशोधन स्पर्धा होती, आणि तिथले पहिले तिघे राज्याच्या फेरीला जाणार होते. शनिवारच्या तासातून आजवर कोणी अलिबागपर्यंत पोचलं नव्हतं.

शिमगा आटोपला. तळ्यावरची वीस तारीखही झाली. स्पर्धेच्या आठवड्यात, गुरुवारी, मॅडम म्हणाल्या, पडद्यावर दाखवायला नांदत्या घरांचे चार चांगले फोटो हवेत. चल, मीच येते. दुपारच्या एसटीने दोघी कापड्याला उतरल्या. वाटेत पालापाचोळ्याचा राब भाजून काळी झालेली खाचरं, काजूला आलेली लालपिवळी बोंडं, आणि मॅडमची अखंड बडबड. दर्शनाने हसून हसून गाल दुखवून घेतले.

वाडीत शिरल्यावर मॅडमनी पहिल्या घरासमोर मोबाइल धरला. दाराला कुलूप होतं. शेजारच्या दाराला कुलूप. त्याच्या पुढच्या घराला कुलूप, आणि ओटीवर वाळलेला पाला साचलेला. “शेतावर गेले असतील,” मॅडम म्हणाल्या. दर्शना झपझप पुढे निघाली. आणखी वर गेल्या. एका घराला हिरवा रंग दिला होता, दारावर नवं तोरण होतं, आणि तोरणाखाली भलंमोठं कुलूप.

“हे कोणाचं?” मॅडमनी विचारलं.

“काकाचं.”

“हे कशात धरलंयस?”

“नांदतं,” दर्शना म्हणाली आणि मटकन त्याच ओटीवर बसली.

तेवढ्यात पलीकडच्या परड्यातून ठकूबाई आली. वाडीतली म्हातारी, कमरेला चाव्यांचा जुडगा. मुंबईला जाणारा प्रत्येक जण तिच्याकडेच चावी ठेवतो. “कुनाचं उघडू गो?” तिने विचारलं. “काका तुझा पालखी झाली तसा गेला. समदीच गेली. पानी पायजे का बाईस्नी?”

उज्वलाला आता सगळं लख्ख दिसलं. पालखी दारात येते तेव्हा दार बंद ठेवायचं नसतं. त्यासाठी मुंबईहून माणसं रजा काढून येतात, घर झाडतात, तोरण लावतात, ओटी भरतात, आणि देवी पुढे गेली की दोनचार दिवसांत कुलूप लावून परत जातात. वर्षातले नेमके ते दिवस पकडून पोरीने घरं मोजली होती. दर्शनाला ते खटकलं नाही, कारण जन्मापासून ती शिमग्याला घरं उघडी बघत आली होती; एरवी कुलूप असलं तरी तिच्या लेखी ते काकाचं घरच होतं. आणि उज्वलाला खटकलं नाही, कारण तिच्या तुडीलच्या बौद्धवाडीत पालखी येतच नाही. मार्च म्हटला की तिच्या घरी वीस तारीख, बस. एकीला ते फार जवळचं होतं, दुसरीला फार लांबचं, आणि त्या दोन लाल खुणा मधल्यामध्ये तशाच राहिल्या होत्या.

“मी नाव काढून घेते,” दर्शना म्हणाली. तिची मान खाली होती. मग तिने वर पाहिलं. “नायतर असंच जाऊ दे ना मॅडम. परीक्षक पुण्यामुंबईचे असनार. त्यांना काय कळनार हाय?”

खरं सांगायचं तर क्षणभर मॅडमच्याही मनात ते आलं. अलिबागचं स्टेज, कॉलेजचं नाव, प्राचार्यांना दाखवायला एक ठोस गोष्ट. हो म्हटलं असतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. त्यांनी काकाच्या दारावरच्या कुलपाकडे पाहिलं, मग तोरणाकडे, आणि मग त्यांचे हात एकदम वर गेले. ठकूबाई दचकून मागे सरली.

“दर्शना, हे घर बंद आहे का?”

“हो.”

“मग तोरण का लावतात?”

“पालखी येते ना.”

“म्हणजे हे घर नांदतंही नाही आणि सोडलेलंही नाही. अगं, तू चुकून तिसऱ्याच जातीचं घर मोजून बसलीस. फक्त पालखीला उघडणारं घर. ऊठ. उद्या पुन्हा मोजायचं.”

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या एसटीने शनिवारचा सगळा वर्ग कापड्यात उतरला. पोरांनी आपसांत वाड्या वाटून घेतल्या. कोणी उनाडक्या केल्या नाहीत असं म्हणवत नाही, दोघांनी काजूची बोंडं खाऊन शर्ट डागाळले. पण एकेका दारासमोर जाऊन त्यांनी पाहिलं, शेजारी विचारलं, ठकूबाईला तर इतकं विचारलं की ती शेवटी वैतागून म्हणाली, “आता माज्यावरच निबंद लिवा.” दुपारी देवळाच्या पारावर बसून सगळ्यांनी आकडे जुळवले. चोवीस घरांत माणसं राहत होती. एकतीस घरं फक्त पालखीला उघडली होती. पाच तर पालखीलाही उघडली नव्हती. विपुल नावाचा एरवी वर्गात झोपणारा मुलगा त्या मधल्या एकतीसकडे बघत म्हणाला, “मॅडम, आयला, हे भारी आहे.” मॅडमनी त्याला शब्दावरून टोकलंसुद्धा नाही.

अलिबागचं सभागृह मोठं आणि थंड होतं. उज्वला सवयीने जाऊन शेवटच्या रांगेत बसली. आधीच्या मुलांनी रंगीत तक्ते दाखवले, इंग्रजी शब्दांची पेरणी केली. मग दर्शनाचं नाव पुकारलं. ती माईकपाशी गेली आणि पडद्यावर दोनच फोटो आले. दोन्हींत काकाचं हिरवं घर. एकात दारात पालखी आणि अंगणात मावेनाशी माणसं, दुसऱ्यात कुलूप. सभागृहातली कुजबुज थांबली.

“मी विचारलं की आमच्या वाड्यांत किती घरं नांदती आहेत,” तिने सुरुवात केली. “पालखीबरोबर फिरून मोजलं तेव्हा पंचावन्न निघाली. पालखी गेल्यावर मोजलं तेव्हा चोवीस. मी दोन्ही आकडे सांगणार आहे, आणि मधल्या एकतीस घरांबद्दल जास्त सांगणार आहे.” आणि ती सांगत गेली, न अडखळता, कागदाकडे न बघता. परीक्षकांतल्या एक बाई पुढे झुकून ऐकत होत्या. शेवटी त्यांनीच विचारलं, “म्हणजे तुमचं पहिलं संशोधन चुकलं म्हणायचं?”

“हो,” दर्शना म्हणाली. “घरं बरोबर मोजली होती. दिवस चुकला.”

लोक हसले, परीक्षक बाईही हसल्या. उज्वलाला उठून नाचावंसं वाटत होतं. आता फक्त तिसरी गोष्ट उरली होती, मला काय कळलं नाही. दर्शनाने तोंड उघडलं, पण माईकपासून ती जरा मागे सरकली होती आणि आवाज एकदम खाली गेला. मागे काही पोचलं नाही. वर्षभराच्या सवयीने उज्वलाचा हात वर गेला.

दर्शनाने तो पाहिला. तिने श्वास घेतला आणि वर्गात म्हणायची तसं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्याने आणि सावकाश.

“एक घर कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळलं नाय. ते माझं घर हाय. आज ते चोवीसमध्ये हाय. माझी परीक्षा झाली की आई आणि मी बाबांकडे मुंबईजवळ दिव्याला जानार, मग ते बंद होनार.”

उज्वलाचा हात वरच राहिला होता. आपण पोरीकडून काय वदवून घेतलं हे तिला उमगलं. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि बराच वेळ चालल्या.

दर्शनाचा दुसरा नंबर आला. राज्याच्या फेरीला तिचं नाव लागलं. विपुलने बाहेर येऊन इतक्या जोरात शिट्टी मारली की सभागृहाचा रखवालदार धावत आला. त्या गोंधळातून मॅडमनी दर्शनाला बाजूला ओढलं.

“मला सांगितलं नाहीस.”

“काल आमच्या दारात आलो ना मॅडम, तेव्हा विपुलने विचारलं, हे कशात धरू. मी म्हटलं, नांदतं. आई आतच होती. तिनं ऐकलं. मग रात्री मी तिला म्हटलं, उद्या मी हे सांगनार हाय. तर म्हणाली, सांग, खरं हाय ते.”

उज्वलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. दर्शना पुढे बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिचे डोळे चमकायला लागले.

“मॅडम, एका वर्षाच्या आकड्यावर काय खरं नाय. पुढच्या शिमग्याला परत मोजायला पायजे. पालखीत एकदा, नंतर एकदा.”

“मोजायला पाहिजेच. पण तू तर दिव्याला असशील. येणार कोण?”

दर्शनाने मॅडमकडे असं पाहिलं की जणू हा काय प्रश्न झाला.

“मी येनारच ना,” ती म्हणाली. “पालखीला घर उघडायला यायलाच लागतं.”