गाडीचं तोंड

सत्तारभाई गेल्याचं कळलं त्या सकाळी आमची जीप सुरू झाली नाही. माझा मुलगा मिलिंद चावी फिरवून फिरवून दमला होता, इंजिन नुसतं घरघरत होतं. तेवढ्यात शेजारीण फाटकाशी येऊन सांगून गेली, की सत्तारभाई पहाटे गेले. मिलिंद स्टेअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. जाता जाता शेजारीण म्हणाली, "पाहा, गाडीलेही समजलं." मी म्हटलं, "लोखंडाले काय समजते?" आणि घरात गेले. आता दीड महिना झाला. लोखंडाला काही समजत नाही, हे मी आजही म्हणते. पण गाडी त्या दिवशी बंद का पडली ते नंतर कळलं, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सत्तारभाई आमच्या बीबी गावचे मेकॅनिक. बाजाराच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. आमच्या मालकांनी, म्हणजे मिलिंदच्या वडिलांनी, जुनी पेट्रोलची जीप घेतली, तेव्हा तिच्यात डिझेलचं इंजिन सत्तारभाईंनीच बसवलं. त्या कामाला बरेच दिवस लागले. मालक रोज तिथे जाऊन बसायचे, पाने हातात द्यायचे आणि दोघं मिळून चहा प्यायचे. एकदा मी डबा घेऊन गेले, तेव्हा सत्तारभाई टाकीपासून येणारा जुना लोखंडी पाइप काढून टाकायचं म्हणत होते. मी म्हटलं, "चांगला पाइप हाय, काऊन फेकता?" त्यांनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पाइप राहिला.

पुढे मालक वारले आणि मिलिंद तीच जीप लोणारच्या सवारीला चालवू लागला. दिवसभर गाडी चांगली चालायची, पण सकाळी सुरू व्हायची नाही. फिल्टरवरचा हातपंप वीस-पंचवीस वेळा दाबावा लागे, कधी चार माणसं लावून ढकलावी लागे. तोवर पहिली सवारी एसटीने निघून जायची. एका बाजाराच्या दिवशी मी तणतणत शेडवर गेले. तिथे पाच-सहा माणसं बसलेली होती. सत्तारभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वहिनी, राती गाडी उभी करता, तवा तिचं तोंड कोनीकडे असते?"

मला वाटलं, ते टाळाटाळ करत आहेत. मी म्हटलं, "काऊन? गाडीले पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढाचा हाय का? तुमच्यानं होत नसन तं तसं सांगा ना."

बसलेली माणसं हसली. सत्तारभाईंनी फडक्याला हात पुसले. म्हणाले, "नाही वहिनी. डिझेल उताराकडे पळते, म्हणून विचारलं." एवढंच म्हणाले. मी उठून आले.

नंतर आम्ही गाडी तालुक्याच्या एका मोठ्या गॅरेजात नेली. त्यांनी डिझेलचा पंप बदलला. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दोन महिन्यांनी मी मिलिंदला सत्तारभाईंकडे पाठवलं, स्वतः गेले नाही. ते स्वतःच सकाळी आमच्या अंगणात आले. नेहमीप्रमाणे "जयभीम वहिनी" म्हणाले. येताना दवाखान्यातून सलाईनची नवी नळी मागून आणली होती. तिचा वीतभर तुकडा त्यांनी फिल्टरच्या अलीकडे पाइपात जोडला आणि मला जवळ बोलावलं. मिलिंदने चावी फिरवली. नळीतून डिझेलबरोबर बुडबुडे पळू लागले, माळेतल्या मण्यांसारखे एकामागून एक.

"पाहा," ते म्हणाले, "कुठून तरी हवा घेऊन राह्यली. बाहेर थेंब दिसत नाही, म्हणून कोनाले सापडत नाही. गाडीचं तोंड चढाकडे असलं का रातभर डिझेल मागं टाकीत जाते. उताराकडे असलं का टाकी वर राह्यते, मंग होते सुरू."

मग ते गाडीखाली शिरले. टाकीजवळ पाइप धरणाऱ्या जुन्या पट्टीने पाइप घासून सुईएवढं भोक पडलं होतं. पाइप तोच, मी ठेवायला लावलेला. त्यांनी तो नुसता माझ्या हातात दिला. मग नवा पाइप बसवला.

सलाईनची नळी ते काढत होते, तर मीच म्हटलं, राहू द्या, मले दिसते. ते म्हणाले, डिझेलने ही नळी कडक होते, तडकते, रबरी पाइप पाहिजे. पण मी ऐकलं नाही. मग दर दोन-तीन महिन्यांनी ते स्वतःच नवा तुकडा आणून बदलून जात. मी चहा ठेवत असे. शेडवरच्या त्या दिवसाचं बोलणं आमच्यात कधी निघालं नाही... मी काढलं नाही.

चार महिन्यांपूर्वी त्यांना बुलढाण्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी एसटीने गेले. त्या दिवशी मी बोलले ते वाईट बोलले, एवढंच सांगायचं होतं. वाटेने तेच घोकत होते. खाटेशी बसले तर त्यांच्या हाताला सलाईन. माझी नजर नळीवर गेली. ते हळूच म्हणाले, "बुडबुडा हाय का वहिनी?" मी म्हटलं, "नाही." मग त्यांनीच विचारलं, "गाडीची नळी बदलाची राह्यली. रबरी टाकली का?" मी म्हटलं, "हाव, टाकली." खोटं बोलले. त्यांनी डोळे मिटले. झोपलेल्या माणसाला काय सांगायचं, म्हणून उठले. पुन्हा जाऊ, असं वाटलं होतं.

ते गेले त्या सकाळी नळी पिवळी पडून तडकली होती. सत्तारभाईंना माती देऊन आल्यावर मिलिंदने बॉनेट उघडलं, तेव्हा दिसलं. अडीच महिने बदलणारं कोणी नव्हतं, एवढाच संबंध.

आता रबरी पाइप टाकला आहे. त्यातून काही दिसत नाही, पण गाडी कुठेही तोंड करून लावली तरी सकाळी सुरू होते. तरी संध्याकाळी मिलिंद आला की मी त्याला गाडी वळवून उताराकडे तोंड करून लावायला सांगते. पहिले काही दिवस तो म्हणायचा, "आई, आता गरज नाही त्याची." आता म्हणत नाही.

आमच्या अंगणाचा उतार पश्चिमेला आहे.